फवारणीतून सौरघट: कॉपर इंडियम सल्फाइडचा पहिला थर कसा बनवायचा

तांबं, इंडियम आणि गंधक १:१:२ या प्रमाणात एकत्र आले की जो अर्धवाहक तयार होतो, त्याचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे १.५ इव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) असतो. सूर्यप्रकाशासाठी हा आकडा जवळजवळ मनासारखा आहे. शिवाय हा पदार्थ प्रकाश इतक्या जोरात शोषतो की एक-दोन मायक्रोमीटरचा थर पुरेसा होतो. सिलिकॉनला त्यासाठी शंभरच्या वर मायक्रोमीटर लागतात. बाहेरून कुठलीही अशुद्धी घालावी लागत नाही, हीही सोय आहे. स्फटिकात तांब्याच्या जागा थोड्या रिकाम्या राहिल्या की थर आपोआप पी-प्रकारचा (धन वाहकांचा) होतो, गंधकाच्या जागा रिकाम्या राहिल्या की एन-प्रकाराकडे (इलेक्ट्रॉन वाहकांकडे) झुकतो.

ही सोय आणि ही अडचण एकच आहे. थराचा स्वभाव मूलद्रव्यांच्या प्रमाणावर ठरतो, आणि ते प्रमाण तुमच्या तराजूवर आणि हॉट प्लेटवर ठरतं. एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष घेऊन आलेल्यांनी एवढी एक गोष्ट मनात पक्की धरावी: आधी एकसारखा थर दहा वेळा बनवता आला पाहिजे, सौरघट त्यानंतर.

इथे स्प्रे पायरॉलिसिसची रीत घेतली आहे. तापलेल्या काचेवर क्षारांचं द्रावण फवारायचं, पाणी उडून जातं, क्षार विघटित होतात आणि सल्फाइडचा थर उरतो. १९६६ साली चेंबरलिन आणि स्कारमन यांनी या रीतीने कॅडमियम सल्फाइडचे थर बनवले, तेव्हापासून ती चालत आलेली आहे. निर्वात पंप लागत नाही, म्हणून आपल्याकडच्या विद्यापीठांत ती रुजली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवारणीने आणि रासायनिक बाथमधून थर बनवण्याचं काम कित्येक वर्षं चालू आहे. कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाने २००५ मध्ये कॉपर इंडियम सल्फाइड आणि इंडियम सल्फाइड यांचा फवारणीचा घट ९.५ टक्के कार्यक्षमतेपर्यंत नेल्याचं प्रसिद्ध केलं. निर्वात पद्धतीने बनवलेले याच पदार्थाचे चांगले घट ११ ते १२ टक्क्यांच्या घरात आहेत. म्हणजे साधी रीत कमी दर्जाची नाही, फक्त तिला हात बसावा लागतो.

इंडियम महाग आहे, मग तांबं-कथील-गंधक का नाही, असं कुणीही विचारेल. कॉपर टिन सल्फाइड स्वस्त आहे, पण त्याचा बँड गॅप ०.९ इव्हीच्या आसपास पडतो आणि तापवताना टिन सल्फाइडची वाफ उडून प्रमाण बिघडतं. कॉपर अँटिमनी सल्फाइडचा गॅप चांगला आहे, पण तिथेही अँटिमनी सल्फाइड उडून जातं. शिकायला कॉपर इंडियम सल्फाइडच बरं. ते चुका दाखवतं, पण काम पूर्ण बिघडवत नाही.

काय काय लागेल

कॉपर क्लोराइड डायहायड्रेट, इंडियम क्लोराइड, थायोयुरिया, थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, डिस्टिल्ड वॉटर. २५ × ७५ मिमीच्या साध्या काचपट्ट्या आणि वेगळ्या एफटीओ काचा (वर फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक थर असलेल्या). काचेचा फवारा, तापमान नियंत्रक असलेली हॉट प्लेट, तेल आणि ओलावा अडवणारा फिल्टर लावलेला कॉम्प्रेसर, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू. जमलं तर नायट्रोजनचा सिलिंडर. आणि चालू स्थितीतलं फ्यूम हूड (विषारी वायू बाहेर ओढणारं कपाट). ते नसेल तर काम सुरूच करू नका. फवारताना हायड्रोजन क्लोराइड, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, सल्फर डायऑक्साइड असे वायू सुटतात. सडक्या अंड्यांचा वास येतोय तोवर धोका कळतो; वास येणं बंद झालं म्हणजे वायू गेला असं नाही, नाक बधिर झालेलं असू शकतं.

थायोयुरिया हातमोजे घालूनच हाताळावा. तो कर्करोगकारक असल्याचा संशय आहे आणि थायरॉइडवर परिणाम करतो.

काच धुणं

याला कंटाळू नका. साबणाच्या पाण्यात कापसाने घासा, नळाखाली धुवा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा मिनिटं अल्ट्रासॉनिक, मग अॅसिटोनमध्ये दहा, शेवटी पुन्हा डिस्टिल्ड वॉटर. जुन्या प्रयोगशाळांत क्रोमिक आम्लात काचा बुडवायची पद्धत अजून आहे. सहा संयुजेचं क्रोमियम घातक आहे आणि इथे त्याची गरज नाही. धुतलेल्या काचेवर पाणी ओता. ते सलग पापुद्र्यासारखं पसरलं तर काच स्वच्छ, थेंब-थेंब होऊन आक्रसलं तर तेलकटपणा शिल्लक आहे. या एका खुणेने पुढे थर सुटून येण्याच्या निम्म्या तक्रारी टळतात. धुतलेल्या काचेला कडेनेच धरा.

द्रावण: सगळी गंमत इथेच आहे

१०० मिली द्रावणाचा हिशेब धरू. इंडियम ०.०१ मोलर, थायोयुरिया ०.०५ मोलर, आणि तांबं बदलतं ठेवायचं.

इंडियम क्लोराइड निर्जल असेल तर ०.२२१२ ग्रॅम. थायोयुरिया ०.३८०६ ग्रॅम. कॉपर क्लोराइड डायहायड्रेट असं:

तांबं/इंडियम ०.९ साठी ०.१५३४ ग्रॅम
१.० साठी ०.१७०५ ग्रॅम
१.१ साठी ०.१८७५ ग्रॅम
१.२ साठी ०.२०४६ ग्रॅम

गंधक दोन भाग हवं असताना पाच भाग का घेतलं? गरम काचेवर थायोयुरिया फुटतो तेव्हा बराचसा गंधक वायू होऊन निघून जातो. शिवाय जास्तीचा थायोयुरिया तांब्याला द्रावणात धरून ठेवतो.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. इंडियम क्लोराइड हवेतलं पाणी अधाशासारखं ओढून घेतं. बाटलीवर 'निर्जल' लिहिलंय, पण मागच्या पावसाळ्यात कुणीतरी झाकण अर्धवट लावलं आणि पावडर टेट्राहायड्रेट झाली असं समजा. निर्जलचा रेणुभार २२१.२, टेट्राहायड्रेटचा २९३.२. तुम्ही तेवढीच ०.२२१२ ग्रॅम घेतलीत तर इंडियम चौथा हिस्सा कमी पडलं. वहीत तांबं/इंडियम १.० लिहिलेलं आहे, बीकरमध्ये १.३३ आहे. मग थर तांब्याने भरलेला निघतो आणि आठवडाभर दोष तापमानाला दिला जातो.

यावर उपाय सोपा आहे. नवीन बाटली उघडल्या दिवशीच सगळीच्या सगळी विरघळवून साठ्याचं द्रावण करा. ५ ग्रॅम निर्जल इंडियम क्लोराइड २२६ मिली पाण्यात म्हणजे ०.१ मोलर. पाण्यात आधी हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब घाला, पीएच ३ च्या खाली राहिला पाहिजे. वर गेला की इंडियम हायड्रॉक्साइड पांढरं गढूळ होऊन खाली बसतं. प्रत्येक १०० मिलीच्या द्रावणाला या साठ्यातले १० मिली पिपेटने घ्या. समजा बाटलीत थोडं पाणी आधीच होतं, तरी निदान सगळ्या थरांत चूक सारखी राहील. ईडीटीए टायट्रेशन (द्रावणातल्या धातूचं प्रमाण मोजायची रीत) येत असेल तर एकदा साठ्याचं नेमकं प्रमाण काढून बाटलीवर लिहून ठेवा.

मिसळायचा क्रमही महत्त्वाचा. आधी थायोयुरिया ५० मिली पाण्यात पूर्ण विरघळवा. दुसऱ्या बीकरमध्ये कॉपर क्लोराइड २५ मिलीत. हे फिकट निळं दिसेल. आता निळं द्रावण थायोयुरियात थेंबाथेंबाने सोडा आणि ढवळत राहा. प्रत्येक थेंबाचा रंग क्षणात उडतो आणि शेवटी द्रावण पाण्यासारखं स्वच्छ होतं. थायोयुरियाने दोन संयुजेचं तांबं एक संयुजेचं करून कवेत घेतल्याची ही खूण आहे. उलट केलंत, म्हणजे थायोयुरिया तांब्यात ओतला, तर सुरुवातीला तांबं जास्त आणि थायोयुरिया अपुरा अशी स्थिती येते आणि पांढरा साका पडतो. तो साका गाळून पुढे जाऊ नका, कारण त्याच्याबरोबर तांबं गेलेलं असतं. द्रावण फेकून नवीन करा.

रंग उडाल्यावर इंडियमचे १० मिली घाला, पाणी घालून १०० मिली करा. द्रावण त्याच दिवशी वापरा. रात्रभर ठेवलेल्या बीकरच्या तळाशी सकाळी भुरकट थर दिसला तर ते वापरण्याजोगं राहिलेलं नाही.

हॉट प्लेट जे सांगते ते काचेचं तापमान नसतं

नियंत्रकावर ३८० दिसतं तेव्हा काचेच्या वरच्या पृष्ठावर ३४० असू शकतं. थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) प्लेटच्या पोटात असतं आणि काच वर मोकळ्या हवेत. एका जादा काचपट्टीवर बारीक के-टाइप थर्मोकपल उष्णतारोधक सिमेंटने चिकटवून ठेवा आणि तीच पट्टी कायम मोजमापाला वापरा. तेही नसेल तर धातूंच्या वितळबिंदूचा आधार घ्या. काचेवर मोहरीच्या दाण्याएवढा शिशाचा कण ठेवा. तो ३२७.५ अंशांना वितळतो. कणावर ऑक्साइडची साय असते, त्यामुळे वितळल्याचं बघून कळत नाही. सुईच्या टोकाने हलकं दाबा, कण चपटा होऊन खालून चकाकी दिसली की वितळला. कथील २३१.९ आणि जस्त ४१९.५ अंशांना. या तीन बिंदूंवरून नियंत्रकाचा आकडा आणि काचेचं खरं तापमान यांचा तक्ता बनवा आणि प्लेटशेजारी चिकटवा. दर दोन महिन्यांनी तपासा.

पहिल्या थरासाठी काचेचं तापमान ३५० ठेवा. ३०० च्या खाली थर नीट स्फटिकरूप होत नाही, क्लोरीन आणि थायोयुरियाचे अवशेष आत अडकतात. हवेने फवारत असाल आणि ३८० च्या वर गेलात तर इंडियम ऑक्साइड बनायला लागतं. नायट्रोजन वापरला तर वरची मर्यादा थोडी सैल होते.

फवारणी

नोझल काचेपासून २५ ते ३० सेंटिमीटर उंच. द्रावणाचा वेग मिनिटाला ३ ते ४ मिली. हवेचा दाब इतका की शंकूच्या आकाराचं बारीक धुकं दिसावं, डोळ्याला सुटा थेंब दिसता कामा नये. काचेवर फवारण्याआधी फिल्टर कागदावर दोन सेकंद फवारून डाग गोल आणि सारखा येतोय ना ते बघा. डाग एका बाजूला झुकला तर नोझलची केशनळी मध्यावर नाही.

सलग फवारू नका. फवाऱ्याने काच २०-३० अंशांनी सहज थंड होते. १५ सेकंद फवारा, मग ४५ सेकंद थांबा, तापमान परत ३५० वर येऊ द्या. १०० मिली संपायला दोन तासांच्या आसपास लागतील. बसून करण्याचं काम आहे, उठून चहाला जाण्याचं नाही. शेवटच्या फवाऱ्यानंतर काच पाच मिनिटं तशीच ठेवा आणि प्लेट बंद करून तिच्यावरच हळूहळू थंड होऊ द्या. गरम काच चिमट्याने उचलून थंड फरशीवर ठेवली की ती तडकते, नाहीतर थर सुटतो.

लोडशेडिंगचा दिवस असेल तर फवारणी सुरू करू नका. मध्येच वीज गेली आणि तापमान दोनशेवर येऊनही फवारा चालू राहिला, तर अर्धा थर एक पदार्थ आणि अर्धा दुसराच होतो. वीज गेल्या गेल्या फवारा बंद करा आणि त्या काचेवर खूण करून ती वेगळी ठेवा. मालिकेत तिचे आकडे घेऊ नका.

किती थर बसेल? १०० मिलीतलं सगळं इंडियम काचेवर आलं तर ०.२४ ग्रॅम कॉपर इंडियम सल्फाइड बनेल. घनता ४.७५ धरली तर १५ × १५ सेंमीच्या जागेवर २.३ मायक्रोमीटर. प्रत्यक्षात धुक्याचा मोठा भाग गरम हवेबरोबर उडून जातो आणि हातात येतो अर्धा मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी. जास्त जाड हवा असेल तर द्रावण दाट करू नका. दाट द्रावणाने थर भुसभुशीत होतो. तेच द्रावण पुन्हा बनवून पुन्हा फवारा.

काढला, आता वाचायचा

पहिली तपासणी डोळ्यांनी. उजेडाविरुद्ध धरल्यावर चांगला थर गडद तपकिरी दिसतो, समोरून जवळपास काळा. निळसर-काळी धातूसारखी झाक असेल तर पृष्ठावर कॉपर सल्फाइड आहे. फिकट पिवळसर असेल तर इंडियम जास्त किंवा ऑक्साइड. बोटाला लागणारी भुकटी असेल तर थेंब काचेवर पोचण्याआधी हवेतच सुकून विघटित झाले: तापमान जास्त, नोझल फार उंच, किंवा थेंब फार बारीक. बांगडीसारखी वर्तुळं असतील तर उलट, थेंब मोठे आणि काच थंड. मग सेलोटेप लावून झटकन ओढा. थर टेपबरोबर आला तर काच धुण्याकडे परत जा.

जाडी वजनावरून काढता येते. काच आधी आणि नंतर तोला. २५ × ७५ मिमीच्या पूर्ण काचेवर अर्ध्या मायक्रोमीटरच्या थराचं वजन सुमारे ४.५ मिलिग्रॅम भरतं. तराजूवर एक अंगठ्याचा ठसासुद्धा या हिशेबात घुसतो. सच्छिद्र थरात खरी जाडी याहून जास्त असते, हे लक्षात ठेवा.

पी की एन हे गरम टोकाने कळतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक मल्टिमीटरच्या धन टोकाला जोडून थरावर टेकवा, थंड टोक ऋणाला. मिलिव्होल्ट ऋण आले तर पी-प्रकार, धन आले तर एन. ही चाचणी साध्या काचेवरच्या थरावर करा. एफटीओ काचेवर केली तर उत्तर बहुतेक वेळा 'एन' येईल, कारण तुम्ही खालचा एफटीओ मोजताय. चार टोकांच्या रोधमापनालाही हेच लागू. म्हणून प्रत्येक फवारणीत दोन साध्या काचा आणि दोन एफटीओ काचा शेजारी ठेवाव्यात. प्रति-चौरस रोध अचानक फार खाली आला तर आनंद नको. बहुतेक वेळा ते कॉपर सल्फाइड असतं, जे धातूसारखं वीज वाहून नेतं आणि घटाला आतून शॉर्ट करतं.

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) तांब्याच्या क्ष-किरणांनी (११२) या स्फटिकपातळीचं शिखर २७.९ अंशांवर सगळ्यात उंच, मग (२०४)/(२२०) ४६.४ च्या आसपास आणि (११६)/(३१२) ५५ च्या आसपास. एफटीओवर घेतलं असेल तर २६.६ चं टिन ऑक्साइडचं शिखर पहिल्याच्या खेटून येतं, गफलत करू नका. ३०.६ वर काही उगवलं तर इंडियम ऑक्साइड. स्फटिककणाचा आकार शेररच्या सूत्राने काढताना शिखराची रुंदी रेडियनमध्ये घाला. ०.४ अंश रुंदीला साधारण २० नॅनोमीटर येतात. तेच ०.४ अंश तसंच सूत्रात टाकलं तर ०.३६ नॅनोमीटर येतात, म्हणजे एका एककपेशीच्या ०.५५ नॅनोमीटर कडेपेक्षाही लहान स्फटिक. असे आकडे प्रबंधात छापून येतात, म्हणून सांगितलं.

कॉपर सल्फाइड थोडं असेल तर एक्सआरडीत लपतं. रामन वर्णपटात (लेसर प्रकाशाच्या विखुरण्यावरून पदार्थ ओळखायची रीत) ४७५ प्रतिसेंमीच्या आसपास ते लगेच उघडं पडतं. कॉपर इंडियम सल्फाइडचं मुख्य शिखर २९० च्या आसपास, आणि ३०५ ला खांदा दिसला तर तांबं आणि इंडियम यांची स्फटिकातली मांडणी नीट लागलेली नाही. तापमान वाढवलं की हा खांदा बहुधा कमी होतो.

बँड गॅपसाठी पातळ थर वापरा, ०.२ ते ०.३ मायक्रोमीटरचा. अर्ध्या मायक्रोमीटरच्या थरातून गॅपच्या वरचा प्रकाश जेमतेम एखादा टक्का बाहेर येतो आणि यंत्र फक्त गोंधळ मोजतं. १.५ इव्ही म्हणजे ८२७ नॅनोमीटर, तेव्हा मोजणी ११०० पर्यंत न्या. कडेच्या पलीकडची शोषणरेषा शून्यावर येत नसेल तर ते प्रकाशाचं विखुरणं आहे. ते वजा न करता टाउक आलेखावर (शोषणावरून बँड गॅप काढायचा आलेख) रेषा ओढली तर गॅप हवा तेवढा काढता येतो, आणि म्हणूनच त्याला अर्थ उरत नाही.

प्रयोगांची मालिका

तापमान ३५० वर पक्कं ठेवून तांबं/इंडियम ०.९, १.०, १.१, १.२. चारही पुन्हा एकदा. दुसऱ्या फेरीचा रोध पहिल्याच्या दुपटी-निमपटीत असेल तरच पुढे जा. नंतर सगळ्यात चांगलं प्रमाण धरून तापमान ३१०, ३३०, ३५०, ३७०. एका वेळी एकच गोष्ट बदला.

तांबं जास्त असलं की कण मोठे होतात, हे खरं आहे. बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेतले उत्तम घट मुद्दाम तांबं जास्त घालून वाढवलेले होते आणि मग पृष्ठावरचं कॉपर सल्फाइड पोटॅशियम सायनाइडने धुऊन काढलेलं होतं. नव्याने शिकणाऱ्याने सायनाइडला हात लावू नये. त्यात आम्ल पडलं तर हायड्रोजन सायनाइड सुटतो आणि खोलीतल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. तुमच्याकडे त्यासाठी वेगळी जागा, प्रशिक्षित माणूस आणि विल्हेवाटीची व्यवस्था नसेल तर १.० च्या जवळ राहा आणि धुण्याची गरजच पडू देऊ नका.

साध्या काचेवरचे थर गंधकाच्या वाफेत तापवले की कण वाढतात आणि गंधकाच्या रिकाम्या जागा भरतात. ग्रॅफाइटच्या डबीत थर आणि अर्धा ग्रॅम गंधक, ट्यूब फर्नेसमध्ये आर्गन, ५०० अंश, अर्धा तास. वर जाऊ नका, साधी काच ५५० जवळ वाकते. ट्यूबच्या थंड टोकाला पिवळा गंधक जमतो आणि वाट बुजवतो, म्हणून प्रत्येक वेळी साफ करा. बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून बुडबुड्यांनी जाऊ द्या.

पहिला घट

एफटीओ काच, तिच्यावर टायटेनियम डायऑक्साइड, मग इंडियम सल्फाइड, मग कॉपर इंडियम सल्फाइड, वर कार्बन. प्रकाश काचेच्या बाजूने. सगळं फवारणीने होतं आणि कॅडमियम लागत नाही.

एफटीओची एक कड उष्णता सोसणाऱ्या टेपने किंवा दुसऱ्या काचेच्या तुकड्याने झाका, तिथे पुढे तार लागणार आहे. टायटेनियम आयसोप्रोपॉक्साइड दीड मिली आणि अॅसिटिलअॅसिटोन एक मिली, इथेनॉल घालून ५० मिली. ४५० अंशांवर छोट्या फवाऱ्यांनी ५० ते १०० नॅनोमीटरचा थर. इथेनॉल या तापमानाला आपोआप पेट घेऊ शकतं: फवारा दोन-तीन सेकंदांचा, हूड चालू, बाटली प्लेटपासून दूर, अग्निशामक हाताशी.

इंडियम सल्फाइडसाठी साठ्यातले ५ मिली आणि थायोयुरिया ०.१५ ग्रॅम, पाणी घालून ५० मिली. ३३० अंशांवर. थर पिवळा, पारदर्शक दिसला पाहिजे. त्यावर लगेच कॉपर इंडियम सल्फाइड, तेही ३३० वरच. इथे तापमान वाढवायचा मोह आवरा. तांबं फार चपळ आहे, ते खालच्या इंडियम सल्फाइडमध्ये शिरतं आणि जोडच नाहीसा होतो. याच कारणाने हा पूर्ण घट ५०० अंशांच्या गंधकभट्टीत घालायचा नाही.

कार्बन पेस्टचे ३ × ३ मिमीचे चौकोन लावा, १०० अंशांवर वाळवा. एका काचेवर निदान आठ चौकोन करा. त्यातले तीन शॉर्ट निघतील, हे धरून चाला.

मोजताना प्रकाशाचं क्षेत्र काळ्या मास्कने नेमकं ठरवा. मास्क नसेल तर चौकोनाच्या बाहेरूनही प्रवाह गोळा होतो आणि कार्यक्षमता फुगते. हॅलोजन दिवा म्हणजे सूर्य नव्हे, त्यात अवरक्त भाग जास्त असतो. तेवढ्यावर टक्केवारी छापू नका, फक्त आपल्याच घटांची एकमेकांशी तुलना करा. ०.४ व्होल्ट, ८ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंमी आणि फिल फॅक्टर (प्रवाह-व्होल्टेज आलेख किती चौकोनी आहे त्याचं माप) ०.४ आला तर १.३ टक्के होतात. पहिल्या घटासाठी हा आकडा अजिबात वाईट नाही. या पदार्थाच्या चांगल्या घटांचाही व्होल्टेज सुमारे ०.७३ पर्यंत पोचलेला आहे, १.५ इव्हीच्या मानाने कमीच. तिथे संशोधनाला अजून भरपूर जागा आहे.

अंधारातला प्रवाह-व्होल्टेज आलेख सरळ रेषा आला तर शॉर्ट आहे: टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं किंवा कॉपर सल्फाइड. काच दिव्यावर धरून भिंगाने बघा, छिद्रं प्रकाशाच्या ठिपक्यांसारखी दिसतात. छिद्रं असतील तर इंडियम सल्फाइड एका ऐवजी दोन फेऱ्यांत फवारा, मध्ये काच ९० अंशांत फिरवून. छिद्रं नसतील आणि तरी शॉर्ट असेल तर तांबं/इंडियम ०.०५ ने कमी करा. प्रकाशातला आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा वाकला तर कुठल्या तरी सीमेवर अडथळा आहे. आधी कार्बन बदलून पाहा, मग टायटेनियम डायऑक्साइड पातळ करा. व्होल्टेज ठीक पण प्रवाह जेमतेम असेल तर शोषक थर फार पातळ किंवा कण फार बारीक.

घट बनवलेल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा मोजा. पावसाळ्यात कोकणात किंवा कोल्हापुरात उघडा ठेवलेला कार्बनचा संपर्क ओल धरतो आणि मालिका-रोध (प्रवाहाच्या वाटेतला घटाचा स्वतःचा रोध) वाढतो. सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा, जेल निळ्याचं गुलाबी झालं की ११० अंशांवर वाळवून परत भरा, आणि प्रत्येक काचेच्या मागे हिऱ्याच्या लेखणीने द्रावणाची तारीख, तांबं/इंडियम आणि काचेचं तापमान कोरून ठेवा. मार्करने लिहिलेलं अॅसिटोनच्या पहिल्याच थेंबाला पुसलं जातं.